दोन देशांच्या नातीची वंशावळ कशी मांडावी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नातीला, ताराला, शाळेतून 'माझे कुटुंब' हा प्रकल्प मिळाला. कार्डशीटवर वंशावळ काढायची, चार पिढ्या, जमल्यास फोटो. इयत्ता चौथी. बाकीच्या पोरांच्या घरी ते एका संध्याकाळी उरकलं असेल. आमच्या घरी सात आठवडे लागले. ताराचे वडील सांगलीचे आणि आई फिलिपिन्सची, पनाय बेटावरच्या इलोइलो शहरातल्या मोलो भागातली.

मी तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये तेहेतीस वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. मोडी वाचते. अलीकडं तर कुणबी नोंद शोधणारे लोक सहज चहाला म्हणून येतात आणि बसल्याबसल्या पिशवीतून झेरॉक्स काढतात. म्हणून वाटलं, वंशावळच ना, त्यात काय मोठंसं. पण आपल्या कचेरीतली पद्धत या कामाला लागू पडत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. जहाजावर आणि आखातात नोकरीला गेलेल्या पोरांनी तिकडच्या मुलींशी लग्न केल्याची घरं आता आपल्याकडंही दिसतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून मी कसं केलं आणि कुठं चुकले ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे कागद उलटा धरा. आपली वंशावळ मूळ पुरुषापासून खाली उतरते. वर एक नाव, खाली त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. मुली असल्याच तर कोपऱ्यात, 'लग्न होऊन गेली'. वारसाच्या कामाला ते ठीक आहे. पण अशा पद्धतीनं ताराची वंशावळ काढली तर आमच्या सुनेचं, मारिसेलचं, नाव एका चौकटीत येऊन थांबतं आणि तिच्यामागचं अख्खं मोलो कागदाबाहेर राहतं. म्हणून मुलाचं नाव सगळ्यात खाली, मधोमध लिहायचं आणि वर दोन्ही बाजूंना चढत जायचं. दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, आठ पणज्या-पणजोबा. मोठी कार्डशीट आडवी धरली तर सहा पिढ्या बसतात. शाळेनं चारच सांगितल्या होत्या, पण पुढं काय झालं ते वाचा.

दुसरं म्हणजे तीन प्रकारची नोंद ठेवा. कागद हातात आहे, ते पेनानं. घरात कुणी सांगितलंय पण कागद नाही, ते पेन्सिलीनं. काहीच माहीत नाही, तिथं नुसती रिकामी चौकट. हा नियम मोडायचा नाही, कारण दोन्हीकडची मंडळी मोडायला लावणारच. आमच्याकडच्या प्रत्येक माने घराण्याला आपण म्हसवडच्या सरदारांपैकी वाटतो. तिकडं प्रत्येक घरात एक स्पॅनिश पणजोबा असतो. घारे डोळे, सरळ नाक, पांढरा घोडा, सगळं पाठ. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य १५६५ पासून १८९८ पर्यंत होतं खरं, पण तिथं राहायला आलेले स्पॅनिश लोक फार थोडे होते. इतक्या घरांना एकेक पणजोबा पुरवण्याइतके तर नक्कीच नव्हते. आमचे सरदार आणि त्यांचा घोडेस्वार, दोघंही पेन्सिलीत घातले. मारिसेलच्या आईला व्हिडिओ कॉलवर ते दिसलं आणि त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

आता आडनावं. इथं बहुतेक सगळे फसतात.

मारिसेलचं माहेरचं आडनाव फुएन्तेस. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ झरे, कारंजी. म्हणजे स्पॅनिश घराणं, असं आमच्या ह्यांनी लग्नातच चार लोकांना सांगून टाकलं होतं. खरी गोष्ट अशी, की १८४९ साली नार्सिसो क्लावेरिया नावाच्या गव्हर्नर जनरलनं हुकूम काढून लोकांना आडनावं वाटली. करवसुलीला अडचण येत होती. कुणाला आडनावच नव्हतं, कुणी भावाभावांत वेगळं लावत होतं. मग साठ हजारांवर नावांची अकारविल्हे यादी छापली आणि तिचे भाग गावोगाव पाठवले. त्यामुळं काही गावांत आजही निम्म्याहून जास्त आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात 'र'ची रास आहे. याद्या करून करून आयुष्य गेलेल्या बाईला हे वाचून त्या कारकुनांची दया आली. थोडक्यात, स्पॅनिश आडनाव हा फक्त एका सरकारी हुकमाचा पुरावा आहे. रक्ताचा नाही.

उलट, ज्या आडनावाकडं कुणी वळून बघत नाही त्यात माणूस सापडतो. मारिसेलच्या आईच्या आईकडचं आडनाव तियोंगको. शेवटचा 'को' हा दक्षिण चीनमधल्या होक्कियन बोलीतला, थोरल्या भावाला मानानं हाक मारायचा. कोहुआंगको, युचेंगको, तियोंगको, अशा पुष्कळ आडनावांत तो बसलाय. म्हणजे कुणी एक तियोंग होता, लोक त्याला तियोंगदादा म्हणायचे, आणि लिहिणाऱ्यानं दादासकट आडनाव करून टाकलं. सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडं वसंतदादांना कुणी नुसतं वसंतराव म्हटलं तर आजही चुकल्यासारखं वाटतं. फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल, १८९६ साली स्पॅनिश सरकारनं गोळ्या घातल्या ते, त्यांच्या खापरपणजोबांचं नाव दोमिंगो लामको. चीनमधून आलेले व्यापारी. त्या घराण्यानं आडनाव घेतलं मेर्कादो, म्हणजे बाजार. आपल्याकडचे बाजारे म्हणा की! आणि मनिलाचे एक महापौर होते रामोन बगात्सिंग, १९७१ ला निवडून आले ते १९८६ पर्यंत. हे आडनाव मोठ्यानं म्हणून बघा. पंजाबी वडिलांचा भगतसिंग तिकडच्या तोंडात बसता बसता बगात्सिंग झाला. म्हणून आडनाव डोळ्यांनी वाचण्याआधी तोंडानं म्हणायचं, हा माझा नियम.

मधलं नाव हा सगळ्यात कटकटीचा भाग. आपल्याकडं मधे वडिलांचं नाव, तारा रोहित माने. तिकडं मधे आईचं माहेरचं आडनाव, तारा फुएन्तेस माने. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन देशांच्या दोन कागदांवर दोन नावं झाली की पुढं ही दोन वेगळी माणसं नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं. आम्ही एका कार्यालयात त्यापायी तीन हेलपाटे घातले. जन्माच्या वेळीच ठरवा आणि कार्डशीटवर दोन्ही नावं लिहा. आपल्याकडं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव घालायचा नियम झालाय. तो आईच्या पहिल्या नावाचा आहे, माहेरच्या आडनावाचा नाही. दोन्ही एक समजू नका.

नाती विचारतानाही खबरदारी घ्या. मारिसेल आता आपल्यासारखंच बोलते, 'काय करायलाय आई' वगैरे, पण माहेरच्यांबद्दल बोलताना सगळे 'तितो' आणि 'तिता'. मामा, काका, मावशीचा नवरा, आत्येचा नवरा, सगळे तितो. वडिलांचा जुना दोस्तसुद्धा तितो. मी पहिल्या आठवड्यात एका शेजाऱ्याला मामा म्हणून पेनानं लिहून बसले. प्रत्येक तितोमागं एकच प्रश्न विचारायचा, हा कुणाच्या पोटचा? गंमत म्हणजे भावंडांच्या बाबतीत त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा बारीक आहे. टागालोगमध्ये, म्हणजे तिकडच्या मुख्य भाषेत, थोरली बहीण आते, दुसरी दित्से, तिसरी सान्से. हे शब्दही चिनीच. आणि आपल्या ताराला तिची लोला, म्हणजे तिकडची आजी, फोनवर हाक मारते तेव्हा घरातले दोघं-तिघं जागचे उठतात, कारण टागालोगमध्ये 'तारा' म्हणजे 'चला'. नाव ठेवताना मारिसेलला ते माहीत होतं. तिनं बारशापर्यंत आम्हाला सांगितलं नाही.

आता माझी फजिती सांगते.

मारिसेलच्या मामांनी (खरे मामा, विचारून घेतलं) तिथल्या चर्चमधून एका जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा फोटो पाठवला. १८६८ साल, तियोंगको घरातली मुलगी, म्हणजे मारिसेलची खापरपणजी. तपकिरी पडलेली शाई, लपेटीचं अक्षर. मोडी वाचणाऱ्याला असलं अक्षर बघितलं की हात शिवशिवतात. फोन मोठा करून करून एकेक अक्षर लावत गेले आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजी अक्षरांत चक्क आमचं गाव! शेवटी जरा 'ई' आणि 'वाय' जास्त होतं, पण जुन्या साहेबी कागदांत सांगलीचं स्पेलिंग मी कितीतरी तऱ्हांनी पाहिलंय. त्याच पानावर दुसऱ्या एका बाळापुढं 'इंडिओ'. झालं. मी ह्यांना उठवलं, रात्री अकरा वाजता. म्हटलं, अहो, सून दीडशे वर्षांपूर्वीपासून आपलीच आहे.

सकाळी मारिसेल हसून हसून ओट्याला टेकली. तो शब्द 'सांग्लेय'. होक्कियनमध्ये 'सेंगली' म्हणजे व्यापार, त्यावरून स्पॅनिश लोकांनी तिथल्या चिनी व्यापाऱ्यांना पाडलेलं नाव. आणि 'इंडिओ' म्हणजे हिंदुस्थानी नव्हे, तिथले मूळचे रहिवासी. कोलंबसाची चूक तिकडंही पोचली, एवढंच. हळदीच्या पेठेतल्या सांगलीला व्यापारी हा अर्थ तसा शोभतो, पण आपलं नाव म्हणे सहा गल्ल्यांवरून आलं. दोन्हींचा काडीचा संबंध नाही.

पण ते पान वाचायला शिकण्यासारखं आहे, कारण जुन्या नोंदी मिळाल्या तर हे शब्द येणारच. स्पॅनिश सरकार वंशावरून कर घेत होतं. सांग्लेय, म्हणजे चिनी, त्याला सगळ्यात जास्त. इंडिओला सगळ्यात कमी. चिनी बाप आणि तिथली आई यांची मुलं 'मेस्तिसो दे सांग्लेय', त्यांचा कर मधला. मनिलाजवळचं बिनोंदो १५९४ साली चिनी ख्रिस्त्यांसाठी वसवलं, तशी मोलो ही इलोइलोची चिनी वस्ती. तिथं या मेस्तिसो घरांचा कापडाचा मोठा धंदा होता. म्हणजे रंगरूप बघून लावलेलं हे लेबल नाही, पावती फाडायचा रकाना आहे. त्यात बाईचा रकाना नवऱ्याप्रमाणे बदले. मेस्तिसा मुलीनं इंडिओशी लग्न केलं की ती आणि तिची पोरं पुस्तकात इंडिओ. मारिसेलच्या खापरपणजीचं तेच झालं. तिच्या लेकीच्या नोंदीत सांग्लेयचा मागमूस नाही. एका लग्नानं चीन पुसला गेला, निदान रजिस्टरात. १८८० च्या दशकात मेस्तिसो आणि इंडिओ हा फरक गेला आणि दोघांना सारखीच 'सेदुला', म्हणजे माणसागणिक कराची पावती, आली. त्यानंतरच्या कागदांवरून कुणाचं काय हे कळणं अवघड. म्हणून आम्ही सहा पिढ्यांपर्यंत चढलो. चारवर थांबलो असतो तर तियोंगदादा सापडलाच नसता. रकान्यातला शब्द आहे तसा उतरवा, त्याचं आजच्या भाषेत भाषांतर करू नका, आणि शेजारी साल घाला.

या रकान्यांवरून आठवलं. टक्केवारी काढू नका. तारानं शाळेतून येऊन विचारलं, 'आज्जी, मी अर्धी काय आहे?' कारण हा शब्द तिनं माझ्याच तोंडून ऐकला होता. 'आमची नात अर्धी फिलिपिनो' असं मी बाजारात कौतुकानं सांगत होते. पोरीनं ते कौतुक म्हणून ऐकलं नव्हतं. आता तिला एक वाक्य पाठ आहे, 'आई इलोइलोची, बाबा सांगलीचे.' रिक्षावाले काका नेपाळी का विचारतात, वर्गातल्या मुली कोरियन मालिका बघून हेवा करतात, दोघांनाही हेच उत्तर. गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न 'ते कुठं आलं' असा येतो, तो बरा. 'मनिलापासून तासाभराचं विमान' म्हटलं की माणूस गप्प होतो.

फोटो निवडताना नातेवाइकांवर सोडू नका. दोन्हीकडून गोऱ्यात गोरे फोटो आले. तिकडं 'मेस्तिसा' या जुन्या कराच्या शब्दाचा आज अर्थ झालाय उजळ, सिनेमात शोभेल अशी. लाडानं 'तिसाय'. पपईचा साबण तिकडं त्यासाठीच खपतो. मारिसेलची बहीण तिसाय, आणि मारिसेल सावळी, माझ्यासारखी. लग्नात आमच्या जाऊबाई तोंडावर म्हणाल्या होत्या, 'परदेशी म्हणून आणली आणि रंग तर आपलाच की!' मारिसेलला तेव्हा मराठी येत नव्हतं. आता येतं. तिनं स्वतःचा शाळेच्या मैदानावरचा, उन्हानं करपलेला फोटो लावला.

रिकाम्या चौकटींबद्दल जरा सांगायला हवं. आमच्याकडची काही नावं २०१९ च्या महापुरात गेली. गावभागात घर, खालच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत सासऱ्यांची चोपडी. असे कागद भिजले तर गठ्ठा ओढून सोडवू नका आणि उन्हात टाकू नका. पंख्याखाली ठेवून, मधे टिपकागद घालून, तो दर दोन तासांनी बदलायचा. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. मी घाईत तेच घातलं आणि मामंजींच्या आजोबांच्या नावावर सोन्याच्या भावाची उलटी जाहिरात उमटली.

मारिसेलकडची रिकामी चौकट वेगळी आहे. तिच्या आईची एक चुलत बहीण ओलोंगापोला होती. तिथं सुबिकचा अमेरिकन आरमारी तळ होता, १९९२ ला बंद झाला. तिच्या मुलाचे वडील त्या तळावरचे खलाशी. एक पहिलं नाव माहीत आहे, तेही नक्की नाही. असली मुलं तिकडं खूप. अमेरिकेनं १९८२ साली आपल्या सैनिकांच्या आशियातल्या मुलांना येऊ देण्याचा कायदा केला, त्यात कोरिया, व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, थायलंड होते. फिलिपिन्स नव्हतं. हा मामा आज पन्नाशीत आहे, तारासाठी वाळवलेला आंबा पाठवतो. मी चौकटीत 'अज्ञात' लिहिलं होतं. कचेरीची सवय. मारिसेलनं खोडरबर आणून दिलं. म्हणाली, 'आई, अज्ञात नाय ओ तो. तो आलाच नाय, एवढंच.' आता तिथं आईचं नाव पेनानं आहे आणि शेजारी नीट पट्टीनं आखलेली कोरी चौकट. आखायची मात्र हवी. चौकटच नसली तर माणसाला वाटतं लिहिणारा विसरला.

कडेला जागा उरते, तिथं शब्द लिहा. मुलांना ते सगळ्यात आवडतं. टागालोगमध्ये चेहऱ्याला मुखा, आशेला आसा, शिक्षकाला गुरो, परीसारख्या देवतेला दिवाता. दुखा म्हणजे गरीब. साबणाला आपण पोर्तुगिजांमुळं साबण म्हणतो, ते स्पॅनिशमुळं साबोन. मला स्वतःला आवडलं ते मात्र लागुना प्रांतात १९८९ साली मिळालेल्या ताम्रपटाचं. एका माणसाचं कर्ज फिटल्याचा दाखला आहे तो. त्याची पहिली ओळ मी ह्यांना वाचून दाखवली: स्वस्ति, शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. हे पंचांग घेऊनच बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, 'म्हणजे संकष्टी.' इसवी सन ९०० ची. गणपतीच्या गावात यावर काय बोलणार! पण कृपा करून 'ते मूळचे आपलेच' असलं काही व्हॉट्सॲपवर ढकलू नका. हे शब्द मलय आणि जावाच्या लोकांकडून, बंदराबंदरातून फिरत तिथं गेलेत. त्यांच्या लेखी आपण सगळे 'बुम्बाय', मुंबईवरून. हप्त्यावर कर्ज देणारा, पाच देऊन सहा घेणारा. पोरं जेवली नाहीत तर बुम्बाय पोत्यात घालून नेईल, असं लोला मारिसेलला भीती घालायची. तिला एका बुम्बायनंच नेलं, हे लोला अजून ऐकवते.

शेवटी दोन प्रती करा. लॅमिनेट करू नका, पुढं भर घालता येत नाही. एक प्रत शाळेला, एक सुनेच्या माहेरी. आमची मोलोला फोटो काढून पाठवली. आठ दिवसांनी तिकडच्या मामांनी छापून, भिंतीला लावून, उलट फोटो पाठवला. सगळं जसंच्या तसं होतं, फक्त रोहितच्या जन्मगावात त्यांना स्पेलिंगची चूक दिसली आणि त्यांनी निळ्या पेनानं ती सुधारली. शेवटी 'ई' आणि 'वाय'. मोलोच्या दप्तरी आम्ही माने आता सांग्लेय झालोय. त्या नोंदीला फेरफार मी अजून घातलेला नाही.